मीठ, साखर आणि पाणी: पटकीला नमवणाऱ्या पुडीची कहाणी

वैद्यकीय प्रगतीचा विषय निघाला की आजकाल रोबोटनं केलेली शस्त्रक्रिया, एआयनं वाचलेले एक्स-रे, जनुकांवरचे उपचार यांचीच चर्चा होते. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एखादा व्हिडिओ येतो. त्याचं कुतूहल आम्हालाही आहे. पण विज्ञानानं माणसाचं खरोखर भलं होतं का, आणि होत असेल तर ते आपल्या मोहल्ल्यातल्या घरापर्यंत कसं पोहोचतं, हे समजून घ्यायचं असेल तर आम्ही वाचकांना आधी एक साधी पुडी बघायला सांगू. ओआरएसची पुडी.

या पुडीत वीसेक ग्रॅम पांढरी भुकटी असते. साखर आणि क्षार, बस. ती बनवायला मोठं यंत्र लागत नाही, पाजायला डॉक्टर लागत नाही, सुई लागत नाही, वीजही लागत नाही. तरीही या द्रावणानं आजवर पाच कोटींहून अधिक जीव वाचवल्याचा अंदाज सांगितला जातो. 1978 साली 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानं या शोधाला विसाव्या शतकातली कदाचित सगळ्यात महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरवलं होतं.

मानवाच्या प्रगतीवर भरवसा ठेवावा असं आम्हाला वाटतं ते अशा गोष्टींमुळे. मात्र याच पुडीच्या इतिहासातून हेही दिसतं की शोध लागला म्हणून तो घरात पोहोचतोच असं नाही. कोणीतरी तो दारोदार नेऊन शिकवावा लागतो, आणि घरातल्या माणसानं तो शिकून घ्यावा लागतो.

हाजींच्या काफिल्यातली पटकी

कॉलराला मराठीत पटकी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हा शब्द नुसता ऐकला तरी लोक गाव सोडायचे. गावोगावी मरीआईचा गाडा वेशीबाहेर लोटला जाई, मुसलमान घरांत दुआ आणि सदका होई. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत जाऊ शकत होता. याचं कारण आज आपल्याला माहीत आहे. पटकीच्या तीव्र आजारात मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी निघून जाऊ शकतं. उपचार मिळाले नाहीत तर अशा रुग्णांपैकी निम्मे दगावू शकतात.

आपल्या समाजाच्या इतिहासात या आजाराची एक वेगळी आणि दुःखद जागा आहे. 1865 च्या हजमध्ये पटकीची मोठी साथ पसरली. त्या वर्षी आलेल्या सुमारे 90 हजार हाजींपैकी 15 हजारांच्या आसपास मृत्युमुखी पडले, असा अंदाज इतिहासकार देतात. परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर साथ सुएझ, अलेक्झांड्रिया आणि तिथून युरोपात गेली. युरोप हादरला. 1866 मध्ये इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हजच्या वाटेवर क्वारंटाइनचे कडक नियम आले. तांबड्या समुद्रात कामरान नावाचं बेट आहे. 1882 पासून तिथे जहाजं थांबवून हाजींना उतरवून ठेवलं जाऊ लागलं. मुंबई बंदर म्हणजे हिंदुस्थानी हाजींचं मोठं दार. इथून जहाजानं हजला जाणाऱ्यांच्या कैक पिढ्यांनी कामरानचा तो मुक्काम भोगला. मुंबईतून हजचा समुद्रप्रवास थेट 1995 पर्यंत चालू होता. घरात कोणी बुजुर्ग त्या जहाजानं गेलेले असतील तर त्यांना जरूर विचारा. आता असे लोक थोडे राहिलेत.

या इतिहासाची खूण आजही वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत आहे. सिनाईच्या किनाऱ्यावर 'एल तोर' नावाचं क्वारंटाइन ठाणं होतं. 1905 मध्ये तिथे मक्केहून परतताना मरण पावलेल्या हाजींच्या शरीरात पटकीच्या जंतूचा एक वेगळा प्रकार सापडला. त्याला त्या ठाण्याचंच नाव मिळालं. 1961 मध्ये इंडोनेशियातून सुरू झालेली पटकीची सातवी जागतिक साथ याच 'एल तोर' प्रकाराची आहे.

क्वारंटाइननं साथीचा वेग कमी झाला असेल. पण आजारी पडलेल्याला वाचवायचं कसं, याचं उत्तर त्या ठाण्यांत कोणाकडेच नव्हतं.

आतड्यातलं उघडं राहिलेलं दार

तसं पाहिलं तर शिरेतून मीठ-पाणी देण्याची कल्पना बरीच जुनी. स्कॉटलंडच्या थॉमस लट्टा या डॉक्टरांनी 1832 मध्येच पटकीच्या रुग्णांवर तो प्रयोग केला होता. पुढे सलाईन सुधारलं, निर्जंतुक झालं, आणि ज्याला वेळेवर मिळालं तो वाचू लागला. अडचण एकच होती. साथ येते ती पूर आलेल्या गावात, निर्वासितांच्या छावणीत, झोपडपट्टीत. तिथे बाटल्या, नळ्या, सुया आणि शिर शोधू शकणारा माणूस आणायचा कुठून?

मग तोंडानंच पाणी का नाही पाजायचं? लोक पाजत होतेच. पण नुसतं पाणी किंवा मिठाचं पाणी आतडं शोषून घेत नव्हतं, ते आलं तसं निघून जात होतं. काही डॉक्टर तर जुलाबाच्या रुग्णाला पाणी तोडायला सांगत, म्हणजे आतड्याला 'आराम' मिळेल. आपल्याकडे काही घरांत अजूनही हा समज आहे आणि तो जिवावर बेतू शकतो.

कोडं सुटायला दोन शोध लागले. 1959 मध्ये कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी दाखवून दिलं की पटकीचा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतड्यातून पाणी झिरपत राहतं. आतडं सडत नाही, कुजत नाही. फक्त त्याचं कामकाज बिघडतं. दुसऱ्याच वर्षी, 1960 मध्ये, रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञांनी मांडलं की आतड्याच्या पेशींत साखर आणि मीठ एकमेकांना धरून आत शिरतात. मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज एकाच दारातून जोडीनं जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. पटकीच्या विषानं मीठ शोषण्याची दुसरी वाट अडते, पण हे साखरेचं दार उघडंच राहतं.

म्हणजे मिठात थोडी साखर घातली की पाणी आत जाणार. साखर चवीसाठी नाही, ताकदीसाठीही नाही. ती पाण्याला आत नेणारी वाटाडी आहे. ओआरएस नेमकं मोजूनच का बनवायचं, त्याचं कारण इथेच आहे. साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर लहान बाळाच्या रक्तात मिठाचं प्रमाण धोकादायक चढू शकतं.

ढाका आणि बनगाव

प्रयोगशाळेतली ही गोष्ट रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचली ती ढाक्यात. तिथे 1960 मध्ये कॉलरा संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली होती. डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश हे दोन तरुण अमेरिकन डॉक्टर आणि त्यांचे बंगाली सहकारी रफीकुल इस्लाम, मजीद मोल्ला यांनी 1968 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जितकं पाणी शरीरातून जातं तितकंच मोजून तोंडानं द्यायचं, एवढीच त्यातली युक्ती. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाईनची गरज त्यामुळे सुमारे 80 टक्क्यांनी कमी झाली. कोलकात्यातही नॅथानिएल पिअर्स आणि इतर डॉक्टर याच दिशेनं काम करत होते.

तरीही मोठे डॉक्टर मानेनात. इस्पितळात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे जमेल, पण बाहेर कसं जमणार, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि ते अगदीच निराधार नव्हतं. मनिलात आधी झालेल्या एका प्रयोगात द्रावणाचं प्रमाण चुकून काही रुग्ण दगावले होते.

मग आलं 1971. पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीतून जवळपास एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. बनगावच्या छावण्यांमध्ये पाऊस, चिखल आणि पटकी एकदमच आले. कोलकात्याहून डॉ. दिलीप महालनवीस तिथे पोहोचले तेव्हा छोट्याशा इस्पितळाच्या दोन खोल्यांत रुग्ण जमिनीवर पडलेले होते. सलाईनच्या बाटल्यांचा साठा पंधरा दिवसांत संपत आला. आता दोनच गोष्टी शक्य होत्या, बघत बसायचं किंवा ज्याला मान्यता नाही तो उपाय करायचा.

त्यांनी कोलकात्यात मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून घेतला. एका लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ, 2.5 ग्रॅम सोडा. छावणीत ते पिंपांत कालवलं जाई आणि नळ सोडून पेल्यात दिलं जाई. पाजायचं काम परिचारिकांवर सोडलं नाही, कारण तितक्या परिचारिका नव्हत्याच. आया, बहिणी, बाप, जे जवळचं माणूस होतं त्याच्या हातात पेला दिला गेला. आमच्या मते या सगळ्या कहाणीतला खरा शोध हाच आहे. औषध माहीत होतं, पण ते घरचा माणूस देऊ शकतो हे कोणी आजमावलं नव्हतं.

छावणीत आधी शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण मरत होते. या उपचारानंतर हे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमन बरुआ स्वतः येऊन बघून गेले आणि पुढे त्यांनी हा उपाय जगभर लावून धरला. मुक्तिसंग्रामाच्या गुप्त रेडिओवरूनही हे पाणी कसं करायचं ते सांगितलं गेलं. महालनवीसांना मात्र आपला अहवाल छापून यायला 1973 उजाडावं लागलं. ऑक्टोबर 2022 मध्ये ते वारले. भारत सरकारनं पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण दिला. जिवंतपणी द्यायला हवा होता, असं आम्हाला वाटतं.

तीन बोटांची चिमूट

बांगलादेश स्वतंत्र झाला, पण बाळं जुलाबानं मरतच राहिली. कारखान्यातली पुडी खेड्यात पोहोचत नव्हती. तेव्हा फजले हसन आबेद यांच्या 'ब्रॅक' या संस्थेनं ठरवलं की पुडीची वाट बघायची नाही, आईलाच कृती शिकवायची. मीठ घरात असतं, गूळ घरात असतो. तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी.

1980 ते 1990 या दहा वर्षांत ब्रॅकच्या बायका घरोघर फिरल्या. सव्वा कोटीच्या आसपास घरांत जाऊन त्यांनी समोर बसून शिकवलं, मग त्या आईकडूनच करवून घेतलं. पत्रकं वाटून निघून गेल्या नाहीत. पगाराची पद्धतही बघण्यासारखी होती. किती घरं केली यावर पैसे नव्हते. काही आठवड्यांनी दुसरा माणूस जाऊन काही घरं तपासायचा, त्या आईला किती आठवतं आणि तिनं केलेलं पाणी बरोबर आहे का ते बघायचा, आणि त्यावर शिकवणारीची कमाई ठरायची.

सुरुवातीला एक घोटाळा लक्षात आला. आईला सगळं पाठ असूनही पुष्कळ घरांत पाणी पाजलं जात नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं की खुद्द शिकवणाऱ्यांनाच या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता, त्या स्वतःच्या घरी गोळ्याच घेत होत्या. आणि पुरुषांना तर कोणी काही सांगितलंच नव्हतं. घरातला कर्ता म्हणे, हे काय मीठपाणी, डॉक्टरकडे ने. मग आधी कार्यकर्त्यांना विज्ञान समजावलं गेलं, आणि पुरुषांना गाठायला लोक बाजारात, शाळांत आणि मशिदीत गेले. एका मुस्लिमबहुल, गरीब, पुरांनी पिचलेल्या देशात बायकांच्या तोंडी शिकवणीनं हे घडलं, हे आपल्या समाजाबद्दल उठसूट निराशेचं बोलणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

जगाचा हिशेब असा आहे. 1980 च्या सुमारास पाच वर्षांखालची अंदाजे 46 लाख बालकं दरवर्षी जुलाबानं मरत होती. आज जागतिक आरोग्य संघटना हा आकडा साडेचार लाखांच्या आत सांगते. यात स्वच्छ पाणी, संडास, लसी, आयांचं शिक्षण या सगळ्यांचा वाटा आहे, श्रेय एकट्या पुडीचं नाही. येमेनचं उदाहरणही बोलकं आहे. युद्धानं पाण्याच्या योजना आणि इस्पितळं मोडली आणि 2017 अखेर तिथे पटकीचे संशयित रुग्ण दहा लाखांवर गेले. इतकी मोठी साथ ही माणसानंच आणलेली आफत होती. पण मृत्यू झाले ते सुमारे 2200. एकेक जीव मोलाचा, तरी 1865 च्या हजशी हे ताडून पाहा.

मग आपल्या घरी काय चालतं?

भारतात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जुलाब झालेल्या बालकांपैकी सुमारे 61 टक्क्यांनाच ओआरएस मिळालं. झिंक मिळालेली बालकं तर जेमतेम 30 टक्के. पन्नास वर्षं झाली तरी दर दहांतल्या चार बाळांना ही पुडी मिळत नाही. पुडी आशाताईंकडे फुकट असते, मेडिकलवर चहा-वड्याच्या पैशात मिळते. मग अडतं कुठे?

आम्हाला दिसतं ते असं. 'सलाईन लावली' हे ऐकलं की नातेवाइकांना इलाज झाल्यासारखा वाटतो. पुडी दिली तर डॉक्टरनं काहीच केलं नाही असं वाटतं. बाळ पिऊ शकत असेल तर बहुतेक वेळा सुईची गरज नसते, उलट खर्च आणि त्रास वाढतो. तसंच ओआरएसनं जुलाब लगेच थांबत नाहीत, म्हणून दोन पेले पाजून लोक सोडून देतात. पण त्याचं काम जुलाब थांबवणं नाहीच. शरीरातलं पाणी टिकवणं हे त्याचं काम, जुलाब आपल्या वेळेनं थांबतात. जुलाब लवकर थांबावेत आणि पुन्हा होऊ नयेत यासाठी झिंकची गोळी असते: सहा महिन्यांवरच्या बालकाला रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10 मिलिग्रॅम, पूर्ण 14 दिवस. जुलाब थांबले म्हणून गोळी मध्येच बंद करायची नाही.

आणखी एक फसगत गेली काही वर्षं सर्रास चालली. मेडिकलच्या काउंटरवर 'ओआरएस' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली गोड पेयं, फळांच्या स्वादाच्या खोक्यांत. त्यांत साखर प्रमाणाबाहेर असते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं झगडा केला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर 'ओआरएस' हा शब्द वापरायला बंदी घातली. तरी खरेदी करताना 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' लिहिलेली पुडीच मागा. एका लिटरसाठी तिच्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. महालनवीसांच्या पिशवीपेक्षा हे मिश्रण सौम्य आहे. पुढच्या संशोधनात ते जास्त चांगलं ठरलं.

पुडी किती पाण्याची आहे ते तिच्यावरच लिहिलेलं असतं. काही एक लिटरच्या, काही 200 मिलिलिटरच्या. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवणं धोक्याचं आहे, आणि अर्धी आज, अर्धी उद्या असंही करायचं नाही. पूर्ण पुडी, उकळून गार केलेलं मोजकं पाणी, वरून साखर किंवा सरबत काही नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाकावं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200, चमच्यानं किंवा घोटघोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू सुरू करायचं. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं चालू ठेवायचं.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, शीग न लावलेला. रमजानमध्ये हा प्रश्न हमखास येतो, म्हणून सांगतो: आजारी माणसाला रोजा सोडण्याची सवलत शरियतनं दिलेलीच आहे, नंतर कजा करता येतो. जोराचे जुलाब लागलेले असताना इफ्तारची वाट बघत बसू नये.

मात्र काही वेळा पुडीवर भिस्त न ठेवता लगेच इस्पितळ गाठावं. बाळ सुस्त पडलंय किंवा पिऊच शकत नाही, डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू जागेवर जाते, सहा तासांत लघवी नाही, शौचात रक्त आहे, किंवा जे पाजावं ते सगळंच उलटून पडतंय. अशा वेळी सलाईनच जीव वाचवतं. नेताना रस्त्यातही घोटघोट पाजत राहावं.

जुलाबाच्या मोठ्या कारणांपैकी एक असलेल्या रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात 6, 10 आणि 14 आठवड्यांना तोंडानं दिली जाते. ती मोफत आहे आणि भारतात बनते, पुण्यातही बनते.

राहिली आपल्या नानी-दादीची पेज. कोकणातल्या घरांत पोट बिघडलं की तांदळाची पातळ पेज मीठ घालून देतात. मजीद मोल्ला आणि त्यांच्या ढाक्यातल्या सहकाऱ्यांनी पुढे ग्लुकोजच्या जागी तांदळाचं पीठ वापरून ओआरएस करून पाहिलं. तांदळातला स्टार्च आतड्यात हळूहळू ग्लुकोज होतो, आणि पटकीच्या रुग्णांत या द्रावणानं जुलाबाचं प्रमाणही कमी झालं. तेव्हा पुडी आणायला कोणी गेलं असेल तोवर मिठाची पेज पाजायला हरकत नाही.